बॉम्ब तुमचे, नाव आमचे

येमेनची राजधानी साना, २ जानेवारी २०१०. राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांच्यासमोर अमेरिकेचे जनरल डेव्हिड पेट्रेयस बसले होते. विषय होता अल-कायदावरच्या हल्ल्यांचा. बॉम्ब आमचेच आहेत, तुमचे नाहीत, असंच आम्ही सांगत राहू, अशी ग्वाही सालेह यांनी दिली. त्यावर उपपंतप्रधान रशाद अल-अलिमी यांनी विनोद केला: बॉम्ब अमेरिकी बनावटीचे असले तरी टाकले येमेननंच, असं खोटंच आपण नुकतं संसदेत सांगून आलो. सालेह त्या दिवशी खुशीत असावेत. जिबूतीहून शस्त्रं आणि अमली पदार्थ चोरून येतात ते थांबवा, व्हिस्की आली तर हरकत नाही, फक्त ती चांगली असावी, असंही ते म्हणाले.

अमेरिकी दूतावासानं हा सगळा वृत्तान्त गोपनीय तारेनं वॉशिंग्टनला कळवला. वर्ष संपायच्या आत विकिलीक्समुळे तो जगानं वाचला.

ज्या बॉम्बची ही थट्टा चालली होती, ते जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी पडले होते. १७ डिसेंबर २००९ रोजी अबयान प्रांतातल्या अल-मजाला या वस्तीवर हल्ला झाला. आपल्या हवाई दलानं दहशतवाद्यांचा प्रशिक्षण तळ उडवला, असं येमेन सरकारनं जाहीर केलं. पण येमेनच्याच संसदीय चौकशीत तिथं मेलेल्या ४१ रहिवाशांची नोंद झाली. त्यांत १४ बायका आणि २१ मुलं होती. अब्दुलइलाह हैदर शाये हा पत्रकार तिथं गेला आणि पडलेले अवशेष अमेरिकी क्षेपणास्त्राचे असल्याचं त्यानं उघड केलं. पुढे अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं छायाचित्रं प्रसिद्ध केली. ती टोमाहॉक क्षेपणास्त्राच्या भागांची आणि क्लस्टर बॉम्बची होती. येमेनच्या हवाई दलाकडे टोमाहॉक नव्हतंच.

शायेला अल-कायदाशी संबंधांच्या आरोपाखाली पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याला माफी मिळणार अशी चिन्हं दिसताच, फेब्रुवारी २०११ मध्ये बराक ओबामांनी सालेहना फोनवर चिंता कळवली, आणि माफी बारगळली. तो सुटला थेट २०१३ मध्ये. अल-अलिमी मात्र २०२२ पासून येमेनच्या अध्यक्षीय नेतृत्व परिषदेचे प्रमुख आहेत.

पाकिस्तानात हाच खेळ अधिक सफाईनं, आणि बरीच वर्षं, चालला. जून २००४ मध्ये दक्षिण वझिरीस्तानात नेक मुहम्मद हा तालिबानी म्होरक्या अमेरिकी ड्रोनच्या हल्ल्यात मारला गेला. श्रेय पाकिस्तानी लष्करानं घेतलं. पुढे हल्ले वाढले, तसा सार्वभौमत्वाचा गजरही वाढला. पंतप्रधान युसुफ रझा गिलानी यांनी मात्र ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकी राजदूत अॅन पॅटरसन यांना खासगीत सांगितलं होतं की, योग्य माणसं मारली जात असतील तर माझी हरकत नाही. आम्ही नॅशनल असेंब्लीत निषेध करू आणि मग तिकडे दुर्लक्ष करू. निषेध करायचा, हेही आधीच ठरलेलं!

शिवाय ड्रोन उडत होते पाकिस्तानच्याच भूमीवरून. बलुचिस्तानातल्या शम्सी हवाई तळावर उभ्या ड्रोनची उपग्रह छायाचित्रं २००९ मध्ये वर्तमानपत्रांत आली. अमेरिकेनं तो तळ सोडला डिसेंबर २०११ मध्ये, तोही सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेल्यावर. काही हल्ल्यांना आपण परवानगी दिली होती, हे परवेझ मुशर्रफ यांनी २०१३ मध्ये कबूल केलं, तोवर सत्ता जाऊन जवळपास पाच वर्षं झाली होती.

मुत्सद्देगिरीत गुप्तता लागतेच. ती नाकारणं भाबडेपणाचं. पण गप्प राहणं वेगळं आणि आपल्याच संसदेला खोटं सांगणं वेगळं. अशा सौद्यात दोन्ही सरकारांची सोय होते. एकाला युद्ध जाहीर करावं लागत नाही, दुसऱ्याला संमती कबूल करावी लागत नाही. अल-मजालामधल्या बापानं भरपाई मागायची कुणाकडे? साना म्हणणार, दहशतवादी मेले. वॉशिंग्टन म्हणणार, आम्ही बोलत नाही.

आपल्याकडचं उदाहरण इतकं रक्तरंजित नाही, पण मुंबईच्या जिव्हाळ्याचं आहे. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यासाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकेत पकडला गेला, तेव्हा त्याला आमच्या ताब्यात द्या, अशी मागणी भारतात जोरात होती. डिसेंबर २००९ च्या एका तारेनुसार, तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन यांनी राजदूत टिमोथी रोमर यांना सांगितलं की, आम्ही प्रयत्न करताना दिसलो नाही तर अडचण होईल, पण तूर्त आम्ही प्रत्यार्पण मागत नाही. अर्थात तार लिहिते अमेरिकी बाजू. समोरच्याचं म्हणणं तिच्यात कितपत नेमकं उतरतं, याची शंका ठेवायला हवी. तरी पुढचा घटनाक्रम तिच्याशी विसंगत नाही. मार्च २०१० मध्ये हेडलीनं गुन्हा कबूल केला; बदल्यात त्याला फाशीपासून आणि प्रत्यार्पणापासून संरक्षण मिळालं. जूनमध्ये भारतीय तपास पथकानं शिकागोत त्याची चौकशी केली. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयात त्याची साक्ष झाली, ती अमेरिकेतून व्हिडिओवर, माफीचा साक्षीदार म्हणून. त्याचा साथीदार तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत आणला गेला. हेडली अमेरिकेतच राहिला.