पतन आणि तारण

ख्रिस्ती उपासनेच्या मुळाशी असलेली कथा बायबलातील उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात येते: निषिद्ध फळ खाऊन आदाम आणि हव्वा यांनी आज्ञाभंग केला, आणि देवाची चाहूल लागताच ती दोघे झाडांआड दडली. फळ खाण्यापेक्षा हे दडणेच, आम्हांस वाटते, पतनाचे खरे चित्र होय. एकाच्या अवज्ञेने मानवजातीच्या माथी आलेला मृत्यूचा वारसा दुसऱ्या एकाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, आज्ञापालनाने रद्द झाला, असा युक्तिवाद प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात केला आहे; ही सुटका कर्माची मजुरी नसून कृपेची बक्षिसी आहे, हे त्यातील मुख्य कलम.

मराठीस ही कथा परकी नाही. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ती सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफली. त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला भाग सृष्टी, पतन आणि तारकाची प्रतीक्षा यांचा, दुसरा ख्रिस्तचरित्राचा. १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे हा मराठी ग्रंथ प्रथम छापला गेला, तो रोमन लिपीत.