पंख, स्टॉल आणि दमट हवा: शिकाऊ वैमानिकांच्या चुकीच्या समजुती

फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत राज्य सरकारने कॅप्टन अमोल यादव यांच्या कंपनीशी सामंजस्य करार केला आणि विमाननिर्मितीसाठी पालघर जिल्ह्यातल्या जागेचं नाव पुढे आलं. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे यादव २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहापासूनच राज्यभर माहीत होते. पुढे ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी पालघरमध्ये झाली आणि त्या परिसरात विमानतळाचीही चर्चा सुरू झाली. जिल्ह्यात आज विमानतळ नाही. बोईसर-तारापूरच्या मुलामुलींना विमान शिकायला बारामती, शिरपूर, धुळे नाहीतर गोंदिया गाठावं लागतं.

तिथे जाण्याआधी किंवा जाता जाता डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षा असतात. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि टेक्निकल जनरल. विमानाच्या यंत्रणा आणि उड्डाणाचं शास्त्र या शेवटच्या विषयात येतं, आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. प्रश्नसंच पाठ करून तेवढे गुण मिळतात. माझी तक्रार तिथेच आहे. पाठांतराने गुण मिळतात, पण डोक्यात आधीपासून बसलेली चुकीची समजूत हलत नाही, आणि कॉकपिटमध्ये घाईच्या क्षणी हात त्या समजुतीप्रमाणेच चालतो.

‘पंखाची वरची बाजू लांब, म्हणून वरची हवा पळते’

हे स्पष्टीकरण शाळेच्या पुस्तकांपासून कोचिंगच्या नोट्सपर्यंत सगळीकडे सापडतं. पंख वरून फुगीर असतो, म्हणून वरचा रस्ता लांब. पुढच्या कडेला वेगळे झालेले हवेचे दोन भाग मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचले पाहिजेत, म्हणून वरच्या भागाला पळावं लागतं. वेग वाढला की दाब कमी होतो आणि विमान उचललं जातं.

वरच्या हवेचा वेग जास्त आणि दाब कमी असतो, हे खरं. पण दोन्ही भागांनी एकत्र पोहोचलंच पाहिजे, असा निसर्गाचा कुठलाच नियम नाही. विंड टनेलमध्ये धुराचे झोत सोडून पाहिलं, तर वरची हवा मागच्या कडेला खालच्या हवेच्या आधी पोहोचलेली दिसते. कसरतींच्या अनेक विमानांचे पंख दोन्ही बाजूंनी सारखेच फुगीर असतात, तरी ती उडतात, उलटीसुद्धा.

सातपाटीच्या जुन्या शिडाच्या मचव्यांकडे पाहिलं तरी हा मुद्दा उलगडतो. शीड म्हणजे एक कापड. त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा रस्ता सारख्याच लांबीचा. तरीही आडव्या वाऱ्यात ते मचव्याला पुढे ओढायचं, कारण वाऱ्याला वळवण्याइतकी त्याला वक्रता होती आणि तांडेल ते योग्य कोनात धरायचा. विमानाचा पंखही हेच करतो. आकार आणि कोन यांच्या जोरावर तो हवेला खाली वळवतो. हवा वळते तेव्हा पंखाच्या वर कमी आणि खाली जास्त दाब तयार होतो, आणि हवा खाली ढकलली गेल्याची प्रतिक्रिया पंखाला वर उचलते. प्रतिक्रियेचा हिशेब मांडणारा न्यूटन बरोबर की दाबाचा मांडणारा बर्नुली, हा वाद निरर्थक आहे. एकाच प्रवाहाचे ते दोन हिशेब आहेत. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात वाफेने फिरणाऱ्या टर्बाइनची पातीही प्रवाह वळवूनच बल मिळवतात.

परीक्षेपुरतं हे बारीक वाटेल. वैमानिकाला ते फार उपयोगी आहे, कारण पंखाचा आकार कारखान्यात ठरतो, पण कोन त्याच्या हातात असतो.

‘स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं’

ही समजूत मोटारीतून आली आहे. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. समोरून येणाऱ्या हवेला पंख ज्या कोनात भिडतो, त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. सराव विमानांत हा कोन साधारण १५-१६ अंशांपुढे गेला की वरची हवा पंखाला धरून वाहू शकत नाही, सुटते आणि लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, कोसळते. इंजिन पूर्ण ताकदीने चालू असतानाही स्टॉल होतो. नाक क्षितिजाच्या खाली असतानाही होतो.

‘ठरावीक वेगाखाली गेलं की स्टॉल’ हा याच समजुतीचा धाकटा भाऊ. सेसना १७२ एसच्या पुस्तकात फ्लॅप न वापरता स्टॉलचा वेग ४८ नॉट दिलेला असतो, आणि विद्यार्थी तो आकडा मनात कोरून ठेवतो. तो आकडा पूर्ण भरलेल्या विमानाच्या सरळ उड्डाणाचा आहे. उंची न सोडता ६० अंश कलून वळण घेतलं की पंखावरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग १.४१ पट, म्हणजे सुमारे ६८ नॉट. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना रेषा चुकते, मुलगा वळण आवळतो, नाक खाली जातंय म्हणून योक, म्हणजे नियंत्रणाचं चाक, मागे ओढतो. वेगाचा काटा ६० दाखवत असतो, म्हणून त्याला सुरक्षित वाटतं. जमीन काही शे फुटांवर असते. जगभरच्या छोट्या विमानांच्या अपघातांत हे वळण पुन्हा पुन्हा दिसतं.

अनुभवी माणसांकडूनही हे घडतं. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ च्या वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांमध्ये १ जून २००९ ला बर्फ साचला, वेगाचे आकडे चुकले आणि ऑटोपायलट सुटला. चुकीचे आकडे एक मिनिटही टिकले नाहीत. पण त्या गोंधळात नाक वर ओढलं गेलं आणि बराच काळ वरच ठेवलं गेलं. विमान सुमारे ३८,००० फुटांवरून स्टॉलमध्येच अटलांटिकपर्यंत खाली आलं. २२८ माणसं गेली. दोन्ही इंजिनं चालू होती.

उपाय एका ओळीचा आहे. आधी योक पुढे करून कोन कमी करा, मग ताकद वाढवा. खाली पडणाऱ्या विमानाचं नाक आणखी खाली न्यायला मन तयार होत नाही, म्हणून तो हजार फुटांवर नव्हे, भरपूर उंचीवर प्रशिक्षकासोबत पुन्हा पुन्हा करून घ्यायचा असतो.

‘इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं’

पंख हवा वळवत राहतो तोवर विमान तरंगतं. सेसना १७२ योग्य वेगाला, म्हणजे सुमारे ६८ नॉटला धरली, तर शांत हवेत दर हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल जाते. नकाशावर हिशेब करून पाहा. बोईसर स्टेशनवर ५,००० फुटांवर इंजिन बंद पडलं, तर सुमारे १४ किलोमीटर हातात आहेत. पालघर स्टेशन रुळाने १२ किलोमीटरवर आहे. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए३३० इंधनगळतीमुळे दोन्ही इंजिनं गमावून सुमारे १२० किलोमीटर तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं. सगळे वाचले.

‘बॅटरी गेली की इंजिन बंद’ हेही असंच. पिस्टन इंजिनात ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो असतात. इंजिन फिरतंय तोवर ते स्वतःची वीज स्वतः तयार करतात. मास्टर स्विच बंद केला तर रेडिओ आणि दिवे जातील, इंजिन चालू राहील.

‘दमट हवा जड असते’

किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला हे पटवणं सगळ्यात कठीण. मे महिन्यात पालघरला श्वास घेणं जड वाटतं, म्हणून हवा जड वाटते. पण पाण्याच्या रेणूचा भार १८, नायट्रोजनचा २८, ऑक्सिजनचा ३२. वाफ जितकी जास्त, तितकी हवा हलकी. तापली की ती आणखी विरळ होते. समुद्रसपाटीला विमानशास्त्राचं प्रमाण तापमान १५ अंश आहे. पारा ३५ वर असेल, तर प्रत्येक जादा अंशाला सुमारे १२० फूट धरून विमानाला आपण २,४०० फुटांवर असल्यासारखं वाटतं, आणि दमटपणा त्यात आणखी काहीशे फूट घालतो. केळव्याच्या किनाऱ्यावर उभं असलेलं विमान माथेरानच्या हवेत उभं आहे, असं समजा. बारामती आधीच साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. तिथे ४० अंशांत हा हिशेब ५,००० फुटांच्या पुढे, महाबळेश्वरच्याही वर जातो. पंख कमी उचलतो, इंजिन कमी ताकद देतं, प्रोपेलर कमी ओढतो. धावपट्टी मात्र तेवढीच असते. उन्हाळ्यात दुपारी दोघांना आणि भरलेल्या टाकीला घेऊन निघण्याआधी टेक-ऑफच्या अंतराचा तक्ता उघडलाच पाहिजे.

याच हवेत दुसरा फसवा धोका असतो. बर्फ फक्त थंडीत होतो, असं आपण धरून चालतो. सेसना १५२ सारख्या विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद घशातून जाताना तापमान ३० अंशांहूनही अधिक उतरू शकतं. पावसाळ्यात बाहेर २५ अंश असताना, कमी ताकदीवर खाली उतरत असलेल्या इंजिनात बर्फ साचू शकतो. म्हणून चेकलिस्टमध्ये कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा, आहे. प्रशिक्षक सांगतात म्हणून तो दांडा ओढू नका, कशासाठी ओढतोय ते जाणून ओढा.

‘आल्टिमीटर जमिनीपासूनची उंची दाखवतो’

नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्याचे फूट करून दाखवतो. मुंबई-पालघर पट्ट्यात जानेवारीपेक्षा जुलैत समुद्रसपाटीचा दाब दहाएक हेक्टोपास्कल कमी असतो, आणि एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट. जुनी सेटिंग तशीच राहिली, तर काटा खऱ्यापेक्षा पावणेतीनशे फूट जास्त दाखवेल. सेटिंग बरोबर असली तरी ती उंची समुद्रापासूनची. २,००० फूट दाखवणाऱ्या काट्याखाली बोईसरला जवळजवळ तेवढंच अंतर असतं. साडेचारशे मीटर उंचीच्या जव्हारवर मात्र जेमतेम पाचशे फूट उरतात.

पुन्हा यादवांच्या विमानाकडे. ‘उडालं म्हणजे मान्यता मिळाली’ असं जिल्ह्यात सहज बोललं जातं. २०१९ मध्ये त्यांना मिळाली ती प्रायोगिक विमान उडवण्याची परवानगी, आणि २०२० मध्ये धुळ्याला चाचणी उड्डाणं झाली. विकण्यायोग्य विमानाला लागणारं प्रमाणपत्र ही वेगळी आणि फार लांबची पायरी आहे. हा फरक सांगितल्याने गच्चीवरच्या त्या कामाचं मोल कमी होत नाही.

शेवटी पालकांसाठी. चष्मा असला की वैमानिक होता येत नाही, हे खरं नाही. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मापात येत असेल तर चालतं. रंग ओळखण्यातला दोष मात्र मार्ग अडवू शकतो. प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात, त्यासाठी लोक जमिनी विकतात. म्हणून पहिला हप्ता भरण्याआधी डीजीसीएच्या पॅनेलवरील डॉक्टरांकडून क्लास टू मेडिकल करून घ्या, आणि संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते एजंटला न विचारता स्वतः तपासा.