हातांचेही नाव घ्या

पाय गमावलेल्या शेतकऱ्याला पूर्वी परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय मिळे. पण बुटाशिवाय तो चालत नसे आणि त्यावर उकिडवे बसता येत नसे. मग पाय कोपऱ्यात पडे, हाती पुन्हा कुबडी येई. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ साली रबर व लाकडाचा ‘जयपूर फूट’ घडविला. त्यावर माणूस अनवाणी शेतात चालू लागला, उकिडवा बसू लागला. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. पण फारशी शाळा न शिकलेल्या शर्मांचे नाव कितीजणांना ठाऊक आहे? बंधू-भगिनींनो, आम्ही एवढेच म्हणतो : मुलांना दोन्ही नावे सांगा. विद्येइतकाच मान श्रमालाही हवा.