ध्वनिमुद्रणाच्या पडद्याचा वेश

बेळगावपासून फारशा लांब नसलेल्या एका खेड्यात आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त मास्तर राहतात. वयाची पंचाहत्तरी उलटली आहे, एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. तरी सकाळची न्याहारी आटोपली की ते नेमाने संगणकापुढे बसतात. गावातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडी असलेली जात्यावरची व लग्नघरातली गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवणे हा त्यांचा उतारवयातील उद्योग. या संग्रहात त्यांच्या थोरल्या बहिणीचाही आवाज आहे. ती बाई गेल्या पावसाळ्यात निवर्तली.

नाताळच्या सुटीत नातू घरी आला. रात्री उशिरापर्यंत तो त्याच संगणकावर काम करीत असे आणि पांढुरक्या पडद्याने त्याचे डोळे चुरचुरत. त्याने ध्वनिमुद्रणाच्या पडद्याला काळा वेश चढविला आणि सुटी संपताच तो कॉलेजला निघून गेला. दुसऱ्या दिवशी मास्तर बसतात तो समोर सारा अंधार! नेहमीची चिन्हे दिसेनात, अक्षरे पुसट, ओळखीची रेघ परकी. बहिणीचा आवाज आपल्या हातून नाहीसा झाला अशी त्यांची समजूत झाली. आठ दिवस त्यांनी संगणकाला हात लावला नाही आणि घरात कोणाला सांगितलेही नाही. वडीलधाऱ्या माणसांचे हे मौन घरच्यांना पुष्कळदा वेळेवर कळत नाही.

वाचकहो, त्या घरी काहीएक बिघडले नव्हते. आवाज जिथल्या तिथे होता. बदलला होता तो केवळ पडद्याचा पेहराव, ज्याला या विषयातील मंडळी ‘थीम’ म्हणतात. आज अनेक कुटुंबांत वडीलधाऱ्यांचे आवाज असे साठविले जात असल्याने हा भेद थोडा समजावून घेणे अगत्याचे आहे.

मास्तरांच्या संगणकावरील साधनाचे नाव ऑडॅसिटी. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ साली त्याचा आरंभ केला आणि २००० साली ते लोकांस खुले झाले. ते विनामूल्य मिळते, त्यामुळे जगभर सामान्य माणसांच्या घरी पोहोचले आहे. पुष्कळ वर्षे त्याचा पडदा एकाच करड्या रंगाचा होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये २.२.० ही आवृत्ती निघाली, तेव्हा चार तयार वेश त्यात आले : जुना तो ‘क्लासिक’, नवा उजळ तो ‘लाइट’, काळा तो ‘डार्क’, आणि मंद दृष्टीच्या माणसांसाठी ठळक रंगांचा ‘हाय कॉन्ट्रास्ट’. त्या वेळी आपोआप पुढे येणारा वेश ‘लाइट’ ठरविण्यात आला. साहजिकच जुन्या वापरणाऱ्यांना आपले घर कोणीतरी न विचारता रंगविल्यासारखे वाटले. जुना वेश काढून टाकला नव्हता, फक्त तो निवडून घ्यावा लागत होता.

तो परत आणण्याची रीत सोपी आहे. पडद्यावरचे काही वाचता येत नसले तरी चालेल. विंडोज संगणकावर कंट्रोलची कळ दाबून धरावी आणि पी हे अक्षर दाबावे, म्हणजे ‘प्रेफरन्सेस’ची चौकट उघडते. डाव्या बाजूच्या यादीत ‘इंटरफेस’ निवडावे, मग ‘थीम’ या शब्दापुढील यादीतून हवा तो वेश घ्यावा आणि ‘ओके’ म्हणावे. पडद्याच्या वरच्या अंगाची बटणेच इतस्ततः झाली असतील तर तो निराळा प्रकार होय. त्यासाठी ‘व्ह्यू’ या सदरात ‘टूलबार्स’खाली ‘रीसेट टूलबार्स’ आहे. पुष्कळ मंडळी मात्र घाबरून साऱ्याच नोंदी मूळपदावर नेतात. त्याने काळा वेश जातो खरा, पण ‘क्लासिक’ परत येत नाही, आपोआप पुढे येणारा वेश येतो, आणि मायक्रोफोनची निवड वगैरे इतर बसविलेल्या गोष्टीही पुसल्या जातात. काटा काढण्यासाठी पाय कापण्यातला हा प्रकार.

आवाजाला धोका का नाही, हेही सांगितले पाहिजे. ध्वनिमुद्रण ज्या फाइलीत साठते तिच्यात पडद्याचा वेश नसतो. वेशाची नोंद त्या संगणकावर वेगळी राहते. तीच फाइल शेजाऱ्याच्या संगणकावर उघडली तर ती शेजाऱ्याच्या वेशात दिसेल. याला एक लहानसा अपवाद आहे आणि तो उपयोगाचा आहे. प्रत्येक आवाजाच्या पट्टीला स्वतःचा रंग देता येतो : निळा, तांबडा, हिरवा किंवा काळा. पट्टीच्या नावावर टिचकी मारली की उघडणाऱ्या यादीत ‘वेव्ह कलर’ म्हणून ही सोय आहे. हा रंग मात्र फाइलीबरोबर राहतो.

कोणी म्हणेल, रंगाचे एवढे काय? आवाज कानाने ऐकायचा की डोळ्यांनी? पण ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे डोळे सतत कामात असतात. लाटेची गडद निळी टोके आवाजाचा कळस दाखवितात, आतील फिकट भाग त्याचा सरासरी जोर. गाणाऱ्या बाईने सूर चढविला आणि टोक पट्टीच्या काठाला भिडले, तर तेवढा आवाज फाटतो व तो मागाहून पुरतेपणी सुधारता येत नाही. म्हणून कळस उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील असा बेत ठेवतात. ‘व्ह्यू’ सदरातील ‘शो क्लिपिंग’ चालू केले असेल तर अशा फाटलेल्या जागी तांबडी उभी रेघ उमटते. ती रेघ ज्याला आपल्या पडद्यावर दिसत नाही त्याला गाणे संपल्यावरच कळणार, आणि ऐंशी वर्षांच्या बाईला पुन्हा गायला सांगणे जिवावर येते.

ज्यांना तयार चारही वेश रुचत नाहीत त्यांना स्वतःचा वेश शिवता येतो. ‘प्रेफरन्सेस’मध्येच ‘थीम’चे पान आहे, तेथे साठविण्याचे बटण दाबले की पडद्यावरील सारी चिन्हे ओळीने मांडलेले एक चित्र संगणकात तयार होते. चित्रकलेच्या साधनात ते उघडून रंगवावे आणि परत भरावे. चित्राचा आकार आणि प्रत्येक चिन्हाची जागा मात्र जराही हलवू नये. शिंप्याने मापे बदलली की अंगरखा बसत नाही, तशी गत होते. मूळ चित्राची एक प्रत बाजूला ठेवावी हे सांगणे न लगे. काही बिनसले तर त्याच पानावरचे ‘डिफॉल्ट्स’ बटण पूर्ववत करते. आमच्या मते खेड्यातील घराला एवढ्या खटाटोपाची गरज क्वचितच पडेल, पण तरुण मुलांचा हात या कामात चांगला बसतो.

मास्तरांच्या घरी ‘क्लासिक’ परत आला तेव्हा त्यांनी प्रथम बहिणीची फाइल उघडली आणि काही न बोलता ती शेवटपर्यंत ऐकली. संध्याकाळी नातवाला फोन लावला. ‘अरे, तुझा अंधार मी पुसला बरे का!’ नातू ओशाळला. ‘आजोबा, मला सांगायचे तरी!’ पुढच्या सुटीत तो आला आणि दोघांत ठरले की रात्रीसाठी ‘डार्क’ लावायचा, पण निजण्यापूर्वी ‘क्लासिक’ परत घालायचा. विसर पडू नये म्हणून नातवाने संगणकाच्या कडेला कागदाची एक चिठ्ठी डकवली आहे. बहिणीच्या साऱ्या पट्ट्यांना मास्तरांनी हिरवा रंग दिला आहे. ती नेहमी हिरवे लुगडे नेसत असे.