नितळ आणि निर्मळ : शहापूर-मुरबाडचे पाणी

नितळ व निर्मळ हे शब्द व्यवहारात समानार्थी मानले जातात. जलशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत ते विशेष जाणवते. येथे वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु खालचा काळा बसाल्ट कठीण असून भेगा व मुरूम यांखेरीज त्यात पाणी फारसे साठत नाही. पुष्कळसे पाणी भातसा, काळू यांसारख्या नद्यांतून वाहून जाते.

१८९२ साली पुरा झालेला तानसा तलाव व त्यानंतरचे भातसा धरण ही शहापूर तालुक्यातील जलस्थाने मुंबईची तहान भागवितात. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, अथवा आटलेल्या पात्रात डवरा, म्हणजे लहानसा खड्डा, खणावा लागतो. त्यात झिरपलेले पाणी वाळूतून गाळून आल्यामुळे नितळ दिसते. तथापि विरघळलेले क्षार व सूक्ष्म रोगजंतू डोळ्यांस दिसत नाहीत. शिवाय प्रवाह क्षीण झाला की तेवढीच घाण थोड्या पाण्यात मिसळते व तिची तीव्रता वाढते.

म्हणून केवळ पावसाळ्यातील परीक्षण पुरेसे नाही. ते वैशाखात, डवऱ्याच्या पाण्याचेही झाले पाहिजे. नितळपणा डोळ्यांना कळतो. निर्मळपणा परीक्षणानेच ठरतो.