कुत्र्या-मांजरांना झाडपाल्याचं औषध : कुठवर चालतं आणि कुठं जिवावर बेततं?

कुंडल (ता. पलूस) : गावाकडं कुत्र्याला गोचीड झाली की कडुलिंबाचा पाला उकळतात, जखम झाली की हळद भरतात, पिल्लाला जंत झाले की लसूण चारतात, मांजराला ताप आला की घरातलीच अर्धी गोळी देतात. दवाखाना लांब, खर्चाची भीती आणि "आमचं आजोबा असंच करायचं" हा विश्वास. यातले काही उपाय खरोखर कामाचे आहेत, काही निरुपयोगी आहेत, आणि काही उपायांनी जनावर रोगापेक्षा लवकर मरतं. कोणता कुठला, हे घरात कुत्रं-मांजर असणाऱ्या प्रत्येकाला माहिती पाहिजे. रेबीज आणि जंत यांच्या बाबतीत तर घरच्या माणसांच्या जिवाचाही प्रश्न असतो.

गाईचा उपाय कुत्र्याला का चालत नाही?

झाडपाल्याच्या उपायांना शास्त्रात जागा नाही असं मुळीच नाही. गाई-म्हशीच्या कासदाहावर, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो त्यावर, कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून कासेला लावायचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळच शेतकऱ्यांना सांगतं. अनेक गोठ्यांत तो वापरतात.

पण गाय चारशे किलोची, कुत्रं पंधरा-वीस किलोचं आणि मांजर तीन-चार किलोचं. गाईला जे प्रमाण औषध ठरतं तेच मांजराला विष ठरू शकतं. दुसरं म्हणजे, कुत्रं आणि मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून काढतात. त्यामुळं बाहेरून लावलेलं औषधही पोटात जाणार असंच धरून चालायचं. तिसरी गोष्ट मांजराची. माणसाचं लिव्हर ज्या पद्धतीनं बरीचशी औषधं आणि तेलं निकामी करून बाहेर टाकतं, ती ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये फार कमी असते. म्हणून कुत्र्याला चाललं म्हणून मांजराला चालेल, असं कधीच समजू नका.

द्राक्ष आणि बेदाणा : आपल्या भागातला मोठा धोका

पलूस-तासगाव पट्ट्यात जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम असतो. बागेत गळालेले मणी, शेडमध्ये सांडलेला बेदाणा, पोरांनी कौतुकानं कुत्र्यापुढं टाकलेला घड, हे सगळीकडं दिसतं. द्राक्ष म्हणजे फळ, नैसर्गिक वस्तू, त्यानं काय होतंय? पण द्राक्ष आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं अलीकडचे पशुवैद्यक मानतात. हेच आम्ल चिंचेत असतं, म्हणून चिंचही कुत्र्याला द्यायची नाही.

सगळीच कुत्री आजारी पडत नाहीत. एखादं मूठभर मणी खाऊन खुशाल फिरतं, तर दुसऱ्याला थोड्यातही त्रास होतो. आधी अंदाज येत नाही, हीच अडचण. बेदाणा वाळलेला असल्यानं त्यात हे सगळं एकवटलेलं असतं, म्हणून तो जास्त धोक्याचा. लक्षणं अशी : पहिल्या दिवसातच उलट्या, खाणं बंद, मलूलपणा, पोट दुखणं. पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते आणि मग बंद होते. लघवी बंद झाल्यावर जनावर वाचवणं फार अवघड जातं.

त्यामुळं कुत्र्यानं बेदाणा खाल्लेला दिसला की उलटीची वाट बघत बसू नका. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टरांकडं नेलं तर ते औषधानं उलटी करवून पोट मोकळं करतात, सलाईन लावतात आणि किडनी वाचू शकते. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. जास्त मीठ पोटात गेलं तर त्याचीच विषबाधा होते.

नैसर्गिक म्हणून देतात, पण द्यायचं नाही

लसूण आणि कांदा : जंत पडतात, गोचीड लागत नाही म्हणून लसूण चारायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. लसूण आणि कांदा दोन्हीही कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजलेला, वाळलेला कसाही असला तरी तेच. हिरड्या पांढऱ्या पडणं, दम लागणं, लघवी लालसर-तपकिरी होणं ही लक्षणं काही दिवसांनी दिसतात. त्यामुळं लसणाशी त्याचा संबंध कुणी लावतच नाही. कालवणाचा रस्सा भाकरीवर ओतून देतो, त्यातही कांदा-लसूण असतोच.

कापूर : खोबरेल तेलात कापूर घालून गोचिडीवर लावतात. कापूर चाटण्यात गेला तर जनावराला झटके येऊ शकतात. नुसतं खोबरेल कोरड्या कातडीला थोडं लावायला हरकत नाही, कापूर मात्र नको.

तंबाखूचं पाणी, रॉकेल, जळकं ऑइल : लूत आणि खरजेवर हे हमखास लावलं जातं. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून आणि चाटून अंगात जातं आणि ते विष आहे. रॉकेल-ऑइलनं कातडी भाजते, ते पोटात आणि फुप्फुसात जातं. लुतीवर आज सोपी औषधं मिळतात, थोड्या दिवसांत फरक पडतो.

सीताफळाच्या बिया : जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून भरायची जुनी रीत आहे. त्यानं वरचे किडे बाहेर येतात, पण खोल गेलेले आतच राहतात आणि मांस खात राहतात. बियांची पूड तर वापरूच नका. ती डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते, जनावराच्याही आणि लावणाऱ्याच्याही. किडे पडलेली जखम डॉक्टरांकडून साफ करून घेणंच बरं.

यात झाडपाल्याची नसलेली पण घरोघरी असलेली एक गोष्ट जोडावी लागेल, ती म्हणजे तापाची गोळी. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन असलेल्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि किडनीला घातक ठरतात. तसंच गाई-म्हशींसाठी आणलेलं गोचिडीचं औषध मांजराला लावायचं नाही.

मग घरच्या घरी काय करता येतं?

पुष्कळ करता येतं. नैसर्गिक देखभाल म्हणजे बाटलीतला काढा नव्हे. खाणं, पाणी, जागा आणि मोकळं फिरणं हे चार नीट असले तर निम्मी दुखणी येतच नाहीत.

गोचीड : कुत्र्याची गोचीड आयुष्यातला थोडाच काळ कुत्र्याच्या अंगावर असते. उरलेला काळ ती भिंतीच्या फटीत, दगडाच्या सांदीत, पोत्याखाली काढते. एकेक मादी हजारांनी अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही. कुत्रं झोपतं तिथलं पोतं दर आठवड्याला कडक उन्हात टाका किंवा उकळत्या पाण्यातून काढा, भिंतीच्या फटी बुजवा, कोपरे झाडा. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं कुत्र्याला अंघोळ घाला, चालतं. त्यानं खाज कमी होते, पण अंगावर गोचिडीचा थर असेल तर तेवढ्यानं निभावत नाही. कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बघा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका. गोचिडीमुळं कुत्र्याला ताप येतो, नाकातून रक्त येतं, हिरड्या फिकट पडतात. असं दिसलं तर तो रक्तातला आजार असतो, त्याला रक्त तपासून औषध लागतं.

साधी जखम : एक लिटर पाणी उकळून त्यात दोन सपाट चमचे मीठ टाका, कोमट झाल्यावर त्यानं जखम धुवा. भोवतीचे केस कापा. त्यावर घरच्या हळकुंडाची दळलेली हळद लावली तर चालते. सांगलीच्या हळदीचं नाव मोठं असलं तरी सुट्या पुडीतल्या रंग मिसळलेल्या हळदीचा भरवसा धरू नका. जखम खोल, वास येणारी किंवा दुसऱ्या कुत्र्यानं चावलेली असेल तर हळद भरून झाकू नका.

खाणं : नुसत्या भाकरीवर कुत्र्याचं पोट भरतं, पण अंग भरत नाही. भाकरीबरोबर उकडलेलं अंडं, बिनमिठाचं-बिनमसाल्याचं शिजलेलं चिकन किंवा थोडा दहीभात द्या. मांजराला तर मांस-मासा लागतोच. दूध-भातावर ठेवलेल्या मांजराची नजर आणि हृदय कालांतरानं बिघडू शकतं. मोठ्या कुत्र्या-मांजरांना दूध पचेलच असं नाही, बऱ्याचदा त्यानंच हगवण लागते. शिजलेली हाडं देऊ नका, त्यांचे टोकदार तुकडे होऊन आतड्यात रुततात.

ऊन : मार्च ते मे पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेलं कुत्रं उष्माघातानं मरू शकतं. झाडाची सावली, पसरट मातीच्या भांड्यात पाणी आणि सकाळ-संध्याकाळ मोकळं सोडणं हवं. धापा टाकत पडलं तर पाय, पोट आणि जांघा साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

पिल्लाची रक्ताची हगवण

दोन-तीन महिन्यांचं पिल्लू एकाएकी उलट्या करतं, वास मारणारी रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत जातं. "नजर लागली" म्हणतात. बहुतेक वेळा हा पार्वो असतो. ताक, डाळिंबाची साल, बेलफळ असल्या कशानंच तो आटोक्यात येत नाही, कारण पिल्लू अंगातलं पाणी संपून मरतं. त्याला सलाईनच लागतं. विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून त्याच अंगणात आणलेलं दुसरं पिल्लूही जातं. उपाय एकच : सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्वो-डिस्टेंपरची लस सुरू करायची आणि चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस पूर्ण करायचे.

जंताचंही तसंच. पिल्लाला दोन-तीन आठवड्यांचं असल्यापासून आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. जत्रेच्या वेळी बकऱ्याची कच्ची आतडी, काळीज, फुप्फुस कुत्र्यांपुढं टाकतात, ते बंद करा. त्यातून कुत्र्याला एक बारीक पट्टकृमी होतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून आपल्या हाताला, भाजीला लागतात आणि माणसाच्या लिव्हरमध्ये पाण्याच्या मोठ्या गाठी होतात.

रेबीजला घरचा उपाय नाही

कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरखडलं की त्यावर चटणी, चुना, हळद, तेल, मिसरी लावायची पद्धत अजून गेलेली नाही. यातल्या कशानंही रेबीजचा विषाणू मरत नाही. उलट जखम चिडते आणि धुवायचा मोलाचा वेळ जातो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय, जनावर काय, वाचत नाही असंच धरायचं. पण वेळेत लस घेतली तर तो पूर्ण टाळता येतो.

१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं सलग १५ मिनिटं धुवा.
२. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. पोटात १४ इंजेक्शनं हा प्रकार केव्हाच बंद झाला. आता दंडात लस देतात. पहिला दिवस शून्य धरून ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीही.
३. रक्त आलेली जखम असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं. त्याबद्दल डॉक्टरांना आठवणीनं विचारा.
४. चावलेलं कुत्रं किंवा मांजर मारू नका. १० दिवस लांबून लक्ष ठेवा. पण ते दहा दिवस जाईपर्यंत आपली लस थांबवू नका.

कुत्र्याचा आवाज बदलला, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही असं दिसलं तर "घशात हाड अडकलं" म्हणून तोंडात हात घालू नका. गाई-म्हशीच्या बाबतीतही हेच. घरचं कुत्रं आणि मांजर तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, डॉक्टर सांगतील तो बूस्टर द्या आणि मग दरवर्षी एकदा.

कधी थांबायचं नाही?

पुढचं काहीही दिसलं तर काढा-लेप बाजूला ठेवा आणि जनावर दवाखान्यात न्या :

- एका दिवसापेक्षा जास्त उलट्या-हगवण, किंवा त्यात रक्त
- पिल्लानं १२ तास काहीच न खाणं
- हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर पडणं
- लघवी न होणं. बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल तर ती तातडीची वेळ आहे
- झटके, लाळ, चालताना तोल जाणं
- द्राक्ष, बेदाणा, उंदराचं औषध किंवा फवारणीचं औषध खाल्ल्याचा संशय. पुडी किंवा बाटली सोबत न्या

जवळचा सरकारी जनावरांचा दवाखाना कुठं आहे, तिथल्या डॉक्टरांचा नंबर काय, हे आजच मोबाईलमध्ये ठेवा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. घरी आधी काय दिलं, किती दिलं, केव्हा दिलं हे डॉक्टरांना लपवू नका. झाडपाला दिला म्हणून कुणी रागावणार नाही, पण ते कळलं नाही तर पुढचं औषध चुकू शकतं.