काच आणि कागद यांच्यामध्ये

मित्राने डार्करूममध्ये स्वतः केलेले, ४×५ इंचांचे कृष्णधवल प्रिंट कुरिअरने आले. पाकीट कापताना पाते उथळ आणि अगदी कडेने चालवायचे. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बटर पेपर, त्यात फोटो. बाहेर पाऊस असेल तर पाकीट तासभर खोलीत तसेच पडू द्यावे. फोटो उचलायचा तो सुती हातमोजे घालून, समोरासमोरच्या कडांना धरून. चांदीचे कण जिलेटिनच्या थरात बसलेले असतात; घामट बोटाचा ठसा आज दिसत नाही, काही वर्षांनी तपकिरी होऊन वर येतो.

याच जिलेटिनमुळे फोटो काचेला टेकवायचा नसतो. दमट हवेत ते फुगते, मऊ पडते आणि काचेला चिकटते. माजघरातल्या आजोबांच्या फोटोवर चकचकीत ओले वाटणारे डाग असतात ना, ते हेच. (असा फोटो ओढून सोडवू नये, चेहरा काचेवरच राहतो.) माउंट, म्हणजे फोटोपुरती खिडकी कापलेला पुठ्ठा, शोभेसाठी असतो असे बहुतेकांना वाटते. त्याचे खरे काम फोटो आणि काच यांच्यात दीड-दोन मिलिमीटर हवा राखणे हे आहे.

म्हणून माउंटच्या बोर्डात काटकसर नको. साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने खिडकीच्या कडेशी पिवळट रेघ उमटते. आम्लरहित बोर्ड उलटा ठेवून, नवे पाते ४५ अंशांत कलते धरून, पोलादी पट्टीच्या आधाराने एका दमात कापायचा. कोपऱ्यात पाते किंचित पुढे गेले की समोरून ओरखडा दिसतो, अलीकडे थांबले तर कोपरा फाटतो. या कामात मजा आहे ती इथेच, आणि रद्दी बोर्डाचे ढीगही इथेच साठतात.

बरेच फ्रेमवाले सवयीने फोटो मागच्या हार्डबोर्डला चिकटवून टाकतात. मी फक्त फ्रेमची पट्टी आणि काच त्यांच्याकडून करून घेतो. मोठ्या चित्रांना जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावतात. इतक्या लहान प्रिंटला ती ओलही नको, शिवाय खळीवर कसर येते. कागदाची तिकोनी घडी घालून चार कोपरे करायचे, ते मागच्या बोर्डला चिकटवायचे आणि फोटो त्यांत नुसता खोचायचा. चिकटपट्टी फोटोला कुठेच लागत नाही, पावसाळ्यात कागद हवा तेवढा पसरतो. खिडकी फोटोवर चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर चढवली की कोपरे झाकले जातात.

फ्रेम ८×१० इंचांची. एवढ्याशा फोटोला एवढी मोकळी जागा कशाला, असे घरात विचारतातच. पण लहान फोटो जवळ जाऊन पाहायचा असतो, आणि रुंद कोरा काठ माणसाला जवळ ओढतो. खालचा काठ वरच्यापेक्षा पाव इंच जास्त ठेवावा, नाहीतर फोटो घसरल्यासारखा दिसतो.

काच पुसायचा द्रव फडक्यावर घ्यायचा, काचेवर फवारायचा नाही. धूळ रबरी फुग्याने उडवायची. चुका ठोकल्यावर मागची फट कागदी टेपने बंद करायची आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावायचे, म्हणजे भिंतीची ओल थेट फ्रेमला लागत नाही. पश्चिमेची भिंत दिवाणखान्यात सर्वांत देखणी असली, तरी पावसाळी ओल आणि दुपारचे ऊन तिच्यावरच येते. आमचे फोटो आतल्या बोळातच लागले आहेत.